चौकट काढावी लागली

रविवार, ८ मार्च, दुपारी

प्रिय सुतळीस,

प्रभूच्या नावाने सलाम.

एवढं लिहून पंधरा मिनिटं झाली. पुढे ‘आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत’ असं लिहायला गेलो, पण सगळे म्हणजे आई आणि मी दोघंच, आणि त्यातला एक वॉकर धरून चालतोय. ‘तू खुशाल असशील’ असं लिहावं, तर ते मला दर रविवारी कळतंच. तुझा फोन ठेवला की आई स्वयंपाकघरात जाते आणि भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यांदा सांगते, “तिला बढती मिळाली बरं का.” “तिनं चष्मा बदलला.” भिंत काही बोलत नाही, पण सगळं लक्षात ठेवते.

सुतळी म्हटलेलं तुला आता चालतं की नाही, माहीत नाही. लहानपणी काटकुळी होतीस म्हणून पडलेलं नाव. सहा वर्षांत तू कशी दिसायला लागलीस तेही ठाऊक नाही. पण दुसऱ्या नावाला माझी जीभ वळत नाही, आणि आत्ता कळलं, पेनही वळत नाही.

आधी बातम्या. आईचा गुडघा बरा आहे. ती अजून दवाखान्यात सकाळच्या पाळीला केसपेपर काढायला बसते आणि डॉक्टरांकडे पोचायच्या आतच निम्म्या लोकांना धीर देऊन अर्धं बरं करते. दुकान चालू आहे. आता हसू नकोस, पण दुकान पत्रेकाका चालवतोय! तूच ठेवलेलं नाव ते. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाचा कुलूपवाला. मी उठता-बसता म्हणायचो, त्याची कुलुपं पत्र्याची, फुंकर मारली की उघडतात. तर डिसेंबरपासून तो सकाळी स्वतःचं दुकान बघतो आणि दुपारनंतर माझं. गिऱ्हाइकांना सांगतो, “दादांचंच काम आहे, मी नुसते हात उसने दिलेत.” मी काहीतरी अवघडून बोलायला गेलो, तर म्हणाला, “दादा, पडून राहा. पंधरा वर्षं नावं ठेवलीत, आता जरा कौतुक करायचा सराव करा.”

सराव चालू आहे. सोपं नाही.

पायाचं तुला आईनं सांगितलंय. मी पडलो, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. कसा पडलो ते मात्र तिनं सांगितलं नसणार. तिनं माझी लाज राखली. मीच सांगतो.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. आपल्या गल्लीत त्या आठवड्यात दोन घरफोड्या झाल्या होत्या. आई चर्चमध्ये उपासनेला निघाली. मी म्हटलं, “तू हो पुढे. घरात कोणीतरी पाहिजे.” गेली कित्येक वर्षं माझं हेच चाललं होतं. गेलोच तर शेवटच्या बाकावर बसायचं, दाराशेजारी. पाळकसाहेब उपदेश करायचे आणि माझं लक्ष दाराच्या कडीवर. ती कडी मीच बसवलेली. मंडळी डोळे मिटून प्रार्थना करायची, तेव्हा सगळ्यांच्या वतीनं मी एकटा डोळे उघडे ठेवायचो. मला वाटायचं, हीच माझी सेवा.

आई गेली. मी लॅच लावला, मधली कडी लावली, खालचा अडसर लावला. मग स्टूल घेतलं आणि दाराच्या वरच्या अंगाला चौथी कडी बसवायला चढलो. हो, चौथी. दोन स्क्रू बसले. तिसऱ्याला जोर लावला आणि स्टूल सरकलं.

आई बोलावतेय. व्यायामाची वेळ झाली. माझ्या पायाची मास्तरीण झालीये ती.


मंगळवार

पुढचं लिहितो.

पडल्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग उठायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन आतल्या खोलीत, चार्जिंगला. ओरडून बघितलं. पण खिडक्यांना मी गज लावलेत आणि त्यावर दुहेरी काचा. बाहेरचं कोणी आत येऊ नये म्हणून लावल्या होत्या. आतली हाक बाहेर जाईल की नाही, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

घड्याळात पावणेनऊ. आई साडेदहाशिवाय येत नाही.

मी फरशीवर उताणा पडून दाराकडे बघत होतो. माझं काम मी असं जमिनीवरून कधी बघितलं नव्हतं. चोख काम होतं, सुतळे. फट नाही, खुळखुळ नाही. जगातला कुठलाही चोर त्या दारातून आला नसता. आणि माझ्या लक्षात आलं की इतका सुरक्षित मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि इतका घाबरलेलोही कधी नव्हतो. असाच गेलो तर आईला दार उघडून माझ्यापर्यंत यायलासुद्धा जमणार नाही, हे मनात आलं.

मग प्रार्थना करायला गेलो. लहानपणापासून केल्याच आहेत म्हणा. पण माझ्या प्रार्थना कशा, तर पहारेकऱ्याला सूचना दिल्यासारख्या. इथे उभा राहा, तिकडे लक्ष ठेव, कोणाला आत सोडू नकोस. त्या दिवशी दारावर पहाऱ्याची काही गरजच नव्हती. म्हणून मी म्हटलं, “प्रभू, बाहेर नको थांबूस. आत ये. मला भीती वाटतेय.”

एवढंच. दुसरं काही सुचलं नाही.

तुला वाटेल, म्हातारा आता उपासनेत उभं राहून देतात तशी साक्ष द्यायला लागला. तर खरं तेच लिहितो. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. पाय दुखत होता, तो दुखतच राहिला. पण ताप उतरल्यावर जसं माणसाला एकदम कळतं की आपल्याला भूक लागलीये, तसं थोड्या वेळानं मला कळलं की मी घाबरलेलो नाही. कधी थांबलं ते सांगता येणार नाही. मी एकटा नव्हतो. हे मी कोणाला पटवून देऊ शकत नाही, आणि कोणी माझ्याकडून काढूनही घेऊ शकत नाही.

साडेदहाला आई आली. चावी फिरवली, लॅच उघडला, दार हललं नाही. “अहो, कडी काढा.” मी म्हटलं, “काढता येत नाही. पडलोय.” मग ती कुणाला तरी हाका मारत पळाली, आणि लगेच परत येऊन बाहेर उंबऱ्यावरच बसली. दाराला तोंड लावून म्हणाली, “मी इथे आहे. कुठे जात नाही.” मग मी झोपू नये म्हणून सगळी उपासना मला सांगितली. पाळकसाहेबांना सर्दी झाली होती, त्यामुळे उपदेश आटोपशीर झाला. “नेमका तोच चुकवलात,” म्हणाली. मला हसताना एवढं दुखलं की शिवी आली. ती म्हणाली, “द्या, द्या. आज माफ आहे.”

पत्रेकाका हत्यारांची पेटी घेऊन आला. वीस मिनिटं खटपट केली. मी आतून सांगत होतो, इथे टोच, तिथे सरकव. तो बाहेरून, “दादा, मला शिकवू नका.” शेवटी त्यानं हात टेकले. “कुठला गाढव माणूस घराला आतून एवढं लावून घेतो?” मी म्हटलं, “हा काय, इथेच पडलाय.” मग पहार आणली आणि भिंत फोडून अख्खी चौकट बाजूला काढली. धुरळ्यातून आत आला, माझ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “तुमचं काम हरलं नाही हो दादा. भिंत हरली.” डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ज्याला मी पंधरा वर्षं पत्र्याचा म्हटलं, त्याच्या.

ऑपरेशनच्या दिवशी तू आईला फोन केलास. तिनं तो माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, “बरा आहे.” तू म्हणालीस, “हं. पाय सांभाळा.” सहा वर्षांनी तीन शब्द. ‘हं’ धरून तीन, आणि मी तो धरतो. ते शब्द मी किती दिवस पुरवून वापरले, ते सांगत नाही.

आता एका बाईंबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या मंडळीतल्या निवृत्त मास्तरीणबाई. एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. गेल्या वर्षी त्यांनी मला बोलावलं. आधी एक अडलेलं कपाट उघडून घेतलं, मग म्हणाल्या, “आता दाराच्या आतल्या सगळ्या कड्या काढून टाका.” मी म्हटलं, “बाई, देवावर भरवसा ठेवावा, पण एवढा?” तर म्हणाल्या, “भरवसा आहेच. पण कड्या काढतेय ते पाय लटपटतात म्हणून. मी पडले तर शेजारणीला आत येता आलं पाहिजे. देव बहुतेक वेळा शेजारणीच्याच पायांनी येतो. त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू का?” मी कड्या काढल्या आणि घरी येऊन आईला सांगितलं, बाईंचं डोकं चळलं.

त्याच बाई चौथ्या दिवशी मला बघायला हॉस्पिटलात आल्या. काठी टेकत, तीन जिने चढून, कारण लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणे. माझ्यासाठी प्रार्थना केली. मग संत्रं सोलता सोलता विचारलं, “मुलीला कळवलंत?”

“हो.”

“बरीच वर्षं दिसली नाही ती.”

माझं उत्तर तयार होतं. सहा वर्षं तेच देत आलो, पाळकसाहेबांना, नातेवाइकांना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना. “गैरसमज झाला, बाई. तिच्या नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी तिच्या खोलीचं कुलूप अडकलं. मी येईपर्यंत गाडी निघून गेली. तिनं मनाला लावून घेतलं.”

बाईंनी मान हलवली. “कसलं कुलूप होतं?”

मी चादरीची सुरकुती सरळ करायला लागलो.

“नाही, माझं कपाट तुम्ही चहा निवायच्या आत उघडलं होतंत, म्हणून विचारलं.”

एवढंच बोलल्या. ओरडल्या नाहीत, बायबलमधलं वचन ऐकवलं नाही. संत्र्याची एक फोड माझ्या तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या पेशंटशी बोलायला लागल्या. ती फोड हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

थांबतो. हात दुखतोय असं लिहिणार होतो. हात दुखत नाहीये.


शुक्रवार

दोन दिवस कागदाला हात लावला नाही. आज सकाळी आईनं विचारलं, “लिहिलंत का ते?” मी म्हटलं, “येतोय त्यावर.” म्हणाली, “कुठून, चंद्रावरून?”

तर आलो.

कुलूप अडकलं नव्हतं. मी लावलं होतं.

तुला हे माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तुला ते कोणी सांगितलं नाही. उलट मी शपथेवर नाही म्हणत राहिलो, आणि तुला खोटं पाडत राहिलो. म्हणून सगळं लिहितो, माझ्या हातानं.

तुझी बॅग आदल्या दिवशी भरून झाली होती. आई सकाळच्या पाळीला गेली होती, जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेली. तू अजून झोपेत होतीस. गाडी साडेनऊची. तुझा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. मी तुझ्या दाराबाहेर उभा होतो आणि डोक्यात एकच चालू होतं, ती नवी खोली, तिथली कुलुपं, मी न बघितलेली. दारातल्या कुलपाला बाहेरून चावी फिरवली. चावी खिशात टाकली आणि दुकानात जाऊन बसलो. फोन बंद केला. त्या दिवशी मी एकही काम केलं नाही. एकच चावी कानशीनं घासत राहिलो, ती घासून घासून सुईएवढी झाली.

एक वाजता आई दवाखान्यातून घरी पोचली आणि तशीच धावत दुकानात आली, म्हणाली, “पोरगी आत अडकलीये, ओरडून ओरडून घसा बसलाय तिचा.” मग मी घरी येऊन नाटक केलं. तेल सोडलं. पेचकस घातला. चुकचुकलो. आईला म्हटलं, “गंजलंय आतून.” वीस मिनिटं लावली मी त्या कुलपाला. दार उघडलं तेव्हा तू बॅगेवर बसली होतीस. माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. माझ्या हातांकडे बघत होतीस. या हातांना त्या कुलपाला किती वेळ लागतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तू लहानपणी दुकानात बसून मोजायचीस.

मग तू बॅग उचललीस आणि गेलीस. ती नोकरी तर हातची गेलीच होती. तरी गेलीस.

सबब सांगत नाही, पण मुळापासून सांगायचं तर तू नऊ वर्षांची असतानाचा तो दिवस सांगावा लागेल. तू तापानं फणफणलेली, घरी एकटी. मागच्या दाराचं कुलूप ढिलं झालं होतं आणि मी महिनाभर उद्या-उद्या करत होतो. जगाची कुलुपं नीट करणारा मी. त्याच दारातून चोर आले. मी घरी आलो तेव्हा तू कपाटात होतीस. कपाटाचं दार तू आतून बोटांनी ओढून धरलं होतंस आणि बोटं सुटत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं. तू म्हणालीस, “बाबा, कपाटाला आतून कडी नाही.”

त्या दिवसापासून मी कड्या बसवतोय, सुतळे. तेरा वर्षं बसवल्या, आणि शेवटी तुझ्याच दाराला बाहेरून कुलूप लावलं. मला वाटलं हे तुझ्यासाठी. ते माझ्यासाठी होतं. भीती माझी होती आणि कोंडलं तुला.

मास्तरीणबाई गेल्या त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. वाटलं, आता आभाळ कोसळेल. ती माझी चादर नीट करत होती. म्हणाली, “कुलूपवाल्याची बायको आहे मी. मला कळलं नसेल असं वाटलं तुम्हाला?”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर तुम्ही हो म्हणाला असता. स्वतःहून सांगितलं नसतंत. मला सांगितलेलं हवं होतं.” मग पलंगाच्या कडेला बसली आणि माझा हात धरून थोडी रडली. सहा वर्षं ती रोज सकाळी माझ्या शेजारी बसून प्रार्थनेत हेच मागत होती, आणि मी आपला ‘आमेन’ म्हणत होतो, काय मागतेय ते न ऐकता.

मी तुझी क्षमा मागतो. तुझा दिवस घेतला त्याची. खोटं बोललो त्याची. लोकांपुढे तुला तापट, मानी ठरवलं त्याची. पाळकसाहेबांना आणि पत्रेकाकाला खरं सांगून झालंय. बाकीच्यांनाही सांगतोय, भेटतील तसं.

आता घराला नवी चौकट आहे आणि एकच कुलूप. त्याची दुसरी चावी पत्रेकाकाकडे. आई म्हणते, ज्याला गावातलं कुठलंही दार उघडता येतं त्यालाच तुम्ही चावी दिलीत! पहिले आठ दिवस मला डोळ्याला डोळा लागला नाही, तेही लिहितो. भीती काही घर सोडून गेली नाही. दुपारी दार उघडं टाकून खुर्चीत बसतो, पावलं वाजली की छातीत धस्स होतं, मग कोणीतरी डोकावतं आणि विचारतं, “दादा, पाय कसा आहे?” आता मला एवढं जमतं की भीती आली की मी उठून हत्यारं शोधत नाही. बसतो आणि म्हणतो, प्रभू, आत ये. तो येतो. कधी लगेच, कधी चहा करून होईपर्यंत. रोज सकाळी आईबरोबर बसून एकेक गोष्ट त्याच्या हाती सोपवतो, घर, दुकान, आई, शेवटी तू. तुला सोपवताना अजून हाताची मूठ उघडायला वेळ लागतो. पण उघडते.

रविवारी आम्ही दोघं जातो. वॉकर पुढच्या बाकाशीच मावतो, त्यामुळे आता पाळकसाहेबांच्या समोर बसावं लागतं. डोळे मिटून प्रार्थना करतो. दार माझ्या पाठीमागे असतं.

ये, असं लिहायचा मला हक्क नाही. येऊ नकोस असं तर माझ्या हातून लिहवणार नाही. उत्तर दिलंस तर आई ते भिंतीला वाचून दाखवेल, आणि नाही दिलंस तरी भिंतीची काही तक्रार नाही.

एकच राहिलं, आणि ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या दिवशी दार उघडल्यावर तू बॅग ठेवून दिली असतीस, रडून जेवायला बसली असतीस, तर मी सुटलो असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावलं असतं. मी स्वतःला ओळखतो. तू माझ्या समोरून चालत गेलीस, नोकरी नसताना, गाडी चुकलेली असताना, एकटी, आणि मी न बघितलेल्या दारांआड सहा वर्षं सुखरूप राहिलीस. ज्यानं तुला राखलं त्याला माझ्या एकाही कडीची गरज पडली नाही. त्या दिवशी मी देवाला विचारलं होतं, तिला का जाऊ दिलंस? आज रोज त्याचे आभार मानतो, की जाऊ दिलंस.

तू गेलीस म्हणून तुझा ऋणी,

तुझा बाप